टाकीवरचं जुनं ‘हिरो होंडा’ काढायचं आहे, रंग न दुखावता

खाडीपलीकडे
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाबांची स्प्लेंडर आहे, १९९७ ची, एमएच-०४. कोपरीहून कळवा, विटावा, दिघा करत रबाळ्याच्या कंपनीत बाबा तिच्यावर एकोणीस वर्षं गेले. निवृत्तीनंतर ती सोसायटीच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. या दिवाळीपासून मी चालवायला घेतली आहे. कार्ब्युरेटर साफ करून घेतला, प्लग आणि दोन्ही टायर बदलले, नवी नंबर प्लेटही बसवली. आता टाकी.

टाकी काळी, त्यावर जांभळ्या-लाल पट्ट्या आणि ‘हिरो होंडा’. डाव्या बाजूच्या ‘होंडा’ची मागची दोन अक्षरं उडाली आहेत, पट्टीच्या कडा वर वळल्यात आणि त्यांच्याखाली काळी धूळ चिकटली आहे. उजवीकडचा स्टिकर पिवळट पडलाय, त्याच्यावर बारीक तडे दिसतात, पण तो जागचा हललेला नाही.

गॅरेजवाला म्हणतो, “टाकी घासून काढू, नवा रंग मारू, दोन दिवसांत नवीकोरी.” मला नवीकोरी नको आहे. बाबांचा गुडघा टेकून टेकून टाकीला दोन्ही अंगांनी एक मऊ चमक आली आहे, ती घासली की गेली. फक्त स्टिकर बदलायचे आहेत. कशानं काढू? यूट्यूबवर कोणी थिनर लावतंय, कोणी ब्लेड, कोणी सरळ हीट गन. बघूनच पोटात गोळा येतो.

दुपारची लोकल
शनिवार, रात्री १०.०५

उत्तर माहीत नाही, पण वाचतेय. आमच्या घरीही एक अशीच उभी आहे.

लॅकर
शनिवार, रात्री १०.५०

ताई, थिनर, ब्लेड आणि हीट गन तिन्ही बाजूला ठेवा. मी बावीस वर्षं पेंटशॉपमध्ये काढली, आधी वागळे इस्टेट, मग टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा. आधी एक काम करा. आत्ता, याच क्षणी, खाली जाऊन.

टाकी ओल्या फडक्यानं पुसा. मग अंगठ्याचं नख स्टिकरच्या बाहेरून आत हळू सरकवा. कडेला नख अडतं का? अडलं, तर स्टिकर रंगाच्या वर चिकटवलेला आहे. नख न अडता सुळकन गेलं, तर स्टिकर लॅकरच्या खाली आहे. म्हणजे आधी रंग, त्यावर स्टिकर आणि सगळ्यावरून पारदर्शक लॅकर. कंपनीतून निघालेल्या बऱ्याच टाक्यांवर तसंच असतं, कारण पेट्रोल भरताना थेंब ओघळतात आणि उघडा स्टिकर त्यात टिकत नाही.

या दोन्हींचा इलाज एकदम वेगळा. वरचा स्टिकर निघतो. खालचा ‘निघत’ नाही, तो लॅकरसकट घासूनच काढावा लागतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बघा. एका बाजूवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

खाडीपलीकडे
शनिवार, रात्री ११.२०

काका, आत्ताच टॉर्च घेऊन जाऊन आले. डावीकडे नख अडतं, चक्क पायरी लागते. उजवीकडे काहीच लागत नाही, काचेवरून बोट फिरवल्यासारखं. हे कसं काय? एकाच टाकीच्या दोन बाजू ना?

लॅकर
शनिवार, रात्री ११.३१

डावी बाजू कधीतरी रंगवली गेली आहे. बाबांना विचारा.

खाडीपलीकडे
रविवार, सकाळी ८.१५

विचारलं. बाबा आधी “छे, कधीच नाही” म्हणाले. चहा संपेपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, “विटावा.”

२००३ चा पावसाळा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं, पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, गाडी डावीकडे आडवी झाली. फूटरेस्ट वाकला, टाकीला पोचा आला. आईला कळू नये म्हणून त्यांनी परस्पर कळव्यात एका पेंटरकडून पोच्यात लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून, बाजारचा स्टिकर लावून घेतला होता. आईला हे आज सकाळी कळलं. एवढी वर्षं मी ती टाकी पुसतेय आणि मलाही कधी दिसलं नव्हतं.

लॅकर
रविवार, सकाळी ९.४०

मग चित्र स्पष्ट झालं. उजवी बाजू कारखान्याची, रंग भट्टीत भाजलेला, वर लॅकर. डावी बाजू हातानं मारलेला रंग, बहुधा हवेवर सुकलेला, त्याच्याखाली लांबी. हा डावा रंग नाजूक आहे. थिनर लागलं तर स्टिकरच्या आधी रंग फडक्यावर येईल.

खात्री करायची तर टाकीच्या डाव्या कडेला, सीटखाली झाकली जाते त्या जागी, कान साफ करायची कापसाची काडी थिनरमध्ये जेमतेम बुडवून चार-पाच वेळा फिरवा. काडी काळी झाली तर रंग कच्चा आहे असं समजा. पुढे जे काही लावाल, अगदी स्पिरिटसुद्धा, ते आधी त्याच जागी लावून बघायचं.

आणि उजव्या बाजूला हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तडे लॅकरला गेलेत. गरम केलंत तर तिथून पापुद्रे उठतील. काढायचाच ठरवला तर आठशेच्या वॉटर पेपरनं सुरुवात करून हजार, पंधराशे, दोन हजारपर्यंत पाण्यात घासत यायचं आणि पूर्ण बाजूला पुन्हा लॅकर मारायचं. त्यात काळ्या रंगापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. लॅकरचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. घासताना पाणी दुधाळ निघतंय तोवर लॅकर. पाण्यात काळं दिसलं की रंग निघायला लागला, तिथे परत फिरायची सोय नाही.

घरी स्प्रे गननं टू-के लॅकर मारायचा विचारही नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्कनं ते अडत नाही. माझ्याबरोबरच्या दोघांना त्यानं दमा जडला.

नेरूळचा आरएक्स
रविवार, सकाळी १०.३०

काका सांगतात ते शब्द न शब्द खरं. माझं ऐका. १९९२ ची आरएक्स १०० आहे, लाल. तीन वर्षांपूर्वी पांढऱ्या पट्ट्या बदलायला काढल्या. एकानं सांगितलं पेट्रोलनं निघतात, म्हणून फडकं भिजवून चोळलं. पट्टी निघाली, पण तिचा गोंद वितळून टाकीभर पसरला. तो काढायला थिनर घेतलं. दहा मिनिटांत तळहाताएवढा लाल रंग फडक्यावर आला आणि खालचा करडा प्रायमर दिसायला लागला. मी त्या पार्किंगमध्ये जमिनीवरच बसलो. तो कंपनीचा रंग होता, त्या पिढीची गाडी बनणं १९९६ लाच थांबलं, तो रंग कुठून आणणार?

आणखी एक, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. जिथला रंग वाचला तिथे पट्टीची छाप उरली. पट्टीखालचा लाल तीस वर्षं झाकलेला, म्हणून गडद. आजूबाजूचा उन्हानं उडून विटकरी झालेला. रबिंग कंपाउंड मारून फरक कमी झाला, गेला नाही. लाल रंगाला हे फार होतं. नवी पट्टी जुनीच्याच मापाची किंवा किंचित रुंद घ्या, छाप झाकली जाते. मी हौसेनं बारीक पट्टी घेतली आणि दोन्ही बाजूंनी गडद लाल रेघ दिसत राहिली.

दुपारची लोकल
रविवार, सकाळी ११.००

अरेरे. वाचून वाईट वाटलं हो.

चेंदणीकर
रविवार, दुपारी १२.१०

डाव्या बाजूचा स्टिकर असा काढा. आम्ही चेंदणी कोळीवाड्यात लहानपणापासून गाड्यांवर हेच करत आलोय.

पंचा गरम पाण्यात बुडवा, पिळा, घडी करून स्टिकरवर ठेवा. हाताला सोसवेल एवढंच गरम. दोन मिनिटं थांबा, निवला की पुन्हा. तीन-चार वेळा केलं की गोंद मऊ होतो. मग एका कोपऱ्याला नखानं उचलायचं आणि ओढायचं ते वर नाही, मागे. म्हणजे उचललेला भाग स्टिकरच्याच अंगावर दुमडून, टाकीला जवळजवळ घासत, सावकाश. वर खेचलं तर ताण रंगावर येतो. मागे दुमडून ओढलं तर गोंद एका बारीक रेषेत सुटत जातो. घाई केली की स्टिकर फाटतो आणि गोंद टाकीवर राहतो.

राहिलेल्या गोंदाला निलगिरीचं तेल. केमिस्टकडे छोटी बाटली मिळते. कापसावर घ्या, गोंदावर ठेवा, पाच मिनिटांनी बोटाच्या पेरानं गोल गोल चोळा, त्याच्या गोळ्या होऊन येतात. खोबरेल तेलानंही होतं, वेळ जास्त लागतो. नंतर भांड्यांच्या साबणाचं पाणी, कारण तेलाचा अंश राहिला तर नवा स्टिकर धरत नाही.

लॅकर
रविवार, दुपारी १२.४०

चेंदणीकर, पंच्याची पद्धत उत्तम. त्यात एक भर घालतो आणि हे सगळ्यांनी वाचावं.

टाकी गाडीवर असताना तिच्याजवळ हेअर ड्रायर आणू नका. ड्रायरच्या आत लालभडक तार असते आणि मोटरच्या ब्रशला ठिणग्या उडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टाकीवरून ओघळून खाली साचते आणि वास येईपर्यंत तिनं जागा धरलेली असते. लोकांना वाटतं, पेट्रोल काढून टाकलं म्हणजे टाकी सुरक्षित. उलट आहे. भरलेल्या टाकीत पेट्रोल जास्त, हवा कमी. रिकाम्या केलेल्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही भरपूर, आणि पेट घ्यायला तेवढंच लागतं.

गरम पंच्यात ठिणगीच नाही, म्हणून ती पद्धत मला आवडते. तरीही टाकी उतरवूनच काम करा, हातही नीट पोचतो. स्प्लेंडरची उतरवणं सोपं आहे. सीट काढा, टाकीच्या मागचा बोल्ट काढा, पेट्रोलचा कॉक बंद करून नळी सोडवा, मीटरची वायर असेल तर ती सोडवा, टाकी मागे ओढून पुढच्या रबरांतून सोडवून घ्या. पेट्रोल धातूच्या डब्यात, झाकण घट्ट. टाकीचं झाकण उघडं ठेवून ती रात्रभर गच्चीवर, सावलीत, वाऱ्याला. बाल्कनीत नाही, बाथरूममध्ये तर नाहीच. गीझर, देवघरातली समई, कोणाची सिगारेट, सगळं लांब.

खाडीपलीकडे
रविवार, दुपारी १.१५

समईचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. मी खरंच न्हाणीघरातच करणार होते, गरम पाणी हाताशी म्हणून. धन्यवाद काका.

ऐरोलीकर
रविवार, दुपारी ३.००

मध्येच विचारतो. माझी गाडी दोन वर्षांची आहे, टाकीवर चंदेरी उठावाचा मोनोग्राम आहे. मला टाकी पूर्ण कोरी हवी आहे. मोनोग्राम काढला तर टाकीला भोकं निघतील का?

रोडकिंग
रविवार, दुपारी ३.४५

ऐरोलीकर, ती पेट्रोलची टाकी आहे. मोनोग्रामसाठी तिला आरपार भोक पाडता येतच नाही, पेट्रोल गळेल. त्यामुळे दोनच प्रकार असतात. एक तर मोनोग्राम फोमच्या डबल टेपनं चिकटवलेला, किंवा बाहेरून वेल्ड केलेल्या पट्टीला नाहीतर बंद नटाला स्क्रूनं आवळलेला. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना टेप असतो. कधी जागा चुकू नये म्हणून पत्र्याला दोन लहान खळगे असतात, मोनोग्रामच्या मागच्या खुंट्या त्यात बसतात. तसे असले तर टाकी कोरी दिसणार नाही. आधी स्पेअरच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा सुटा मोनोग्राम मागवून मागची बाजू बघा. खुंट्या आहेत की सपाट, दुकानातच कळतं.

टेपवाला काढायला चेंदणीकरांकडचीच वस्तू लागते: तंगूस. मासेमारीचा नायलॉनचा दोरा. हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं काड्यांना गुंडाळा, मोनोग्राम पंच्यानं गरम करा आणि तंगूस मोनोग्रामच्या मागून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. फोम कापला जातो, रंगाला काही लागत नाही. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलंत तर टाकीला पोचा ठरलेला.

माझी येझदी पांचपाखाडीत आहे, मैसूरच्या कारखान्यातली, १९८४ ची. तिचा मोनोग्राम धातूचा, स्क्रूचा. चाळीस वर्षांत स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झाले होते. खाडीकडून येणारी खारी दमट हवा आणि मोनोग्रामच्या मागे साठणारं पावसाचं पाणी, दुसरं काय होणार. गंज सोडवायचं तेल रोज दोन थेंब, आठवडाभर घालत राहिलो. आठव्या दिवशी बरोब्बर मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून आधी आवळायच्या दिशेनं किंचित हलवला, मग सोडवला. एका मेकॅनिकनं सांगितलं होतं, ड्रिल मारून स्क्रू उडवू. पेट्रोलच्या टाकीवर ड्रिल! मी गाडी ढकलत घरी आणली.

मोनोग्राम निघाला तेव्हा त्याच्या मागे गंजाचा नाण्याएवढा डाग होता, पत्रा अजून शाबूत. आणखी दोन पावसाळे गेले असते तर टाकी तिथून गळली असती. तेव्हा जुन्या स्क्रूवाल्या गाड्यांचा मोनोग्राम अधूनमधून काढून मागचं बघत जा, बदलायचा नसला तरी. परत लावताना स्क्रू त्याच लांबीचा हवा. लांब बसवला तर टोक आतल्या पत्र्यावर दाबतं.

ऐरोलीकर
रविवार, दुपारी ४.१०

ही खळग्यांची गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. आधी सुटा मोनोग्राम बघतो. दुसरं: आरटीओला कळवावं लागतं का?

रोडकिंग
रविवार, दुपारी ४.३०

मोनोग्राम-स्टिकरसाठी नाही. रंग बदलला तर हो. आरसीवर रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे. काळी टाकी लाल केलीत तर आधी विचारून आरसीवर चढवून घ्या. आणि दुसऱ्याच कंपनीचा मोनोग्राम लावायची हौस नको, नाक्यावर उगाच प्रश्न.

रेडियम कटिंग
रविवार, रात्री ९.२०

उशिरा बघितला धागा, रविवारी दुकानात गर्दी असते. कोपरखैरण्यात माझं रेडियमचं काम आहे.

खाडीपलीकडे ताई, ‘हिरो होंडा’ नावाचा स्टिकर आता कंपनीकडून मिळायचा नाही. दोघांची फारकत डिसेंबर २०१० मध्ये जाहीर झाली, २०११ मध्ये नाव हिरो मोटोकॉर्प झालं. बाजारात जे सेट मिळतात ते बाहेर छापलेले, अक्षरांची जाडी आणि तिरपेपणा जुन्याशी जुळत नाही. तुमची उजवी बाजू मूळ आहे ना? मग तुमच्याकडे सोन्यासारखा नमुना आहे. त्यावरूनच डावी बनवू.

स्टिकर काढायच्या आधी हे करा. बटर पेपर उजव्या बाजूवर ताणून मास्किंग टेपनं लावा आणि पट्ट्यांच्या कडा शिसपेन्सिलीनं गिरवा. लॅकरखाली असल्यानं कडा बोटाला लागणार नाहीत, डोळ्यानंच गिरवाव्या लागतील, उजेड तिरका घ्या. टाकी दोन दिशांनी वळते, म्हणून कागदाला चुण्या पडतील. तिथे कात्रीनं छेद द्या, दाबून बसवू नका, माप चुकतं. मग टाकीच्या खालच्या जोडाच्या कडेपासून पट्टीचं अंतर दोन ठिकाणी मोजून कागदावरच लिहा. शेजारी पट्टी धरून समोरून फोटो काढा.

डावीसाठी पट्ट्या उलट्या करायच्या, अक्षरं नाहीत. हसण्यावारी नेऊ नका, पूर्ण फाइल उलटी करून कापलेले स्टिकर माझ्याकडे आलेत.

सामान कास्ट व्हिनाइल मागा. स्वस्तातलं व्हिनाइल रुळांमधून दाबून केलेलं असतं, टाकीच्या वळणावर ताणून लावलं की महिन्याभरात आकसतं आणि कडेला गोंदाची काळी रेघ उरते. कास्ट पातळ असतं, वळणावर निमूट बसतं. वरून लॅमिनेशन घ्याच, तरीही कडा जपा, पेट्रोलचे थेंब कडेतून आत शिरतात आणि गोंद खातात.

नेरूळचा आरएक्स
रविवार, रात्री ९.५०

दादा, माझ्या पट्ट्यांची आता कडेला काळी रेघ दिसते, ती याचमुळे तर! पुढच्या आठवड्यात दुकानात येतो.

खाडीपलीकडे
रविवार, रात्री १०.१५

एक विचारू का सगळ्यांना? भावाचं म्हणणं आहे, नुसतं ‘हिरो’ लावावं, ते कुठेही मिळतं, आणि कंपनीचं आजचं नाव तेच आहे. मी बाबांना विचारलं. त्यांनी आतून आरसीचं जुनं पुस्तक आणलं, उघडून उत्पादकाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

लॅकर
रविवार, रात्री १०.२२

झालं मग. ‘हिरो होंडा’च.

खाडीपलीकडे
पुढचा रविवार, संध्याकाळी ७.३०

काम झालं. सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रत्येकाचं काही ना काही त्यात आहे.

शुक्रवारी रात्री टाकी उतरवली. मागचा बोल्ट कडक होता, बाबांनी सोडवला. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत रात्रभर झाकण उघडं ठेवली. सकाळी सीटखालच्या कडेला थिनरची काडी फिरवली: डावीकडे काळी झाली, उजवीकडे पांढरी राहिली. काका, तुमचं खरं निघालं. त्या काड्या मी बाबांना दाखवल्या.

मग गरम पंचा. पहिल्या तीन वेळा काहीच झालं नाही. चौथ्याला पट्टीचा मागचा कोपरा उठला. मागे दुमडून ओढत गेले, बोटभर सरकायला एक मिनिट, मध्ये पुन्हा पंचा. दोनदा फाटला. पूर्ण बाजूला सव्वा तास लागला. गोंद निलगिरीनं गेला, गच्चीभर सर्दीच्या वाफाऱ्याचा वास.

आणि गोंद पुसता पुसता काळ्या रंगावर काहीतरी चमकलं. मला वाटलं ओरखडा पडला, धस्स झालं. उन्हात तिरकी धरून बघितली तर शिसपेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. अगदी बारीक, समांतर, पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या जागी, आणि पुढच्या टोकाला एक छोटी आडवी खूण. कळव्याच्या त्या पेंटरनं २००३ मध्ये स्टिकर सरळ बसावा म्हणून आखलेल्या. बावीसएक वर्षं स्टिकरखाली राहिल्या होत्या. उजव्या बाजूवरून घेतलेलं माप मी जोडापासून मोजून बघितलं: मागच्या टोकाला बरोबर, पुढच्या टोकाला दोन मिलिमीटरचा फरक. घाईगडबडीतलं काम म्हणून आम्ही त्याला धरून चाललो होतो. त्यानं दुसरी बाजू मोजूनच आखलं होतं.

म्हणून मी त्या रेघा पुसल्या नाहीत. स्पिरिट फक्त रेघांच्या आतल्या जागेवर फिरवलं, तेही आधी सीटखाली लावून बघून. नवा स्टिकर त्याच रेघांवर बसवला. रेडियमदादांनी सांगितलं तसं शाम्पूचे चार थेंब घातलेलं पाणी फवारून लावला, म्हणजे जागेवर सरकवता आला, मग मधून बाहेर पट्टीनं पाणी काढत गेले. पुढच्या वळणावर एक बुडबुडा राहिला होता, सुईनं टोचून दाबला.

पिवळट रंगाबद्दल: दादांनी पांढऱ्या अक्षरांसाठी शुभ्र न घेता किंचित सायीचा रंग सुचवला, उजवीकडच्या जुन्या अक्षरांशी जुळावा म्हणून. समोरून बघितलं तर दोन्ही बाजू एकाच वयाच्या वाटतात. उजवी बाजू तशीच आहे, तड्यांसकट. फक्त धुऊन मेण लावलं.

गुडघ्याची चमक दोन्हीकडे शाबूत. बाबांनी डावीकडे नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, “अडतं गं अजून.” म्हटलं, अडणारच, तो वरच आहे.

रेडियम कटिंग
पुढचा रविवार, रात्री ८.०५

ताई, पेन्सिलीच्या रेघा वाचून अंगावर काटा आला. मीही अशाच आखतो. नंतर कोणी बघेल असं कधी मनात आलं नव्हतं.

लॅकर
पुढचा रविवार, रात्री ८.४०

फार नीट केलंत. त्या पेंटरचं काम बघायला मला आवडेल. लांबी बावीस वर्षांत फुटली नाही, म्हणजे पत्रा कोरडा करून भरली होती, तेही भर पावसाळ्यात.

दुपारची लोकल
पुढचा रविवार, रात्री ९.००

मी उद्या आमच्या गाडीवर नख फिरवून बघणार. ताई, आता धुवायची कधी? आणि पेट्रोल लगेच भरलं तर चालतं का?

खाडीपलीकडे
पुढचा रविवार, रात्री ९.२५

दादांनी मला सांगितलं ते असं: एक पूर्ण दिवस टाकी सावलीत, पाणी अजिबात नाही. हवा दमट असेल तर दोन दिवस. आठवडाभर सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यापासून लांब ठेवायची, नंतरही ते पाणी स्टिकरच्या कडेवर थेट मारू द्यायचं नाही. पेट्रोल भरताना काठोकाठ भरू द्यायचं नाही आणि टाकीवर फडकं अंथरायचं. थेंब पडलाच तर पुसायचा नाही, टिपायचा, पुसला की तो कडेकडे ढकलला जातो. मी कोपरीच्या पंपावर आज हेच केलं, पंपावरच्या माणसानं विचारलं, “नवी गाडी का?”